मुलीसोबत येणारा उंदीर

पोह्यांची बशी खाली ठेवून पेंढारकरकाकूंनी कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे पाहिलं. "हा उंदीर लग्नानंतर इथंच राहील ना?"

"नाही हो, तो केतकीबरोबर येणार," केतकीचे वडील म्हणाले. "हिच्या रक्तातल्या पेशी हिच्याच सांध्यांवर उठल्या होत्या. मग नव्या पेशी या उंदराच्या अंगात वाढवल्या. आपलं कोण, परकं कोण, हे त्या तिथंच शिकल्या. दर आठवड्याला त्याच्या रक्ताचा थेंब मिळाला नाही, तर सगळं विसरतात."

"म्हणजे पेशींचं माहेरच की!" पेंढारकरकाका कौतुकानं म्हणाले. काकूंनी डोळे वटारताच त्यांनी आणखी पोहे वाढून घेतले.

"मुलगी गोड आहे," काकू पर्स उचलत म्हणाल्या, "पण आमच्याकडे मांजर आहे."

केतकीला त्यांचा मुलगा, निनाद, आवडला होता. "मग मांजर द्या की कुणाला तरी," ती म्हणाली.

निनाद कानापर्यंत लाल झाला. "देता येणार नाही. माझ्याही पेशी त्या मांजरीच्या अंगातच शिकल्यात. आई सगळ्यांना सांगते, हौसेनं पाळलीय."

काकूंनी पर्स हळूच खाली ठेवली.

"दोघांना जरा एकटं बोलू द्या," केतकीची आई म्हणाली, आणि मोठी मंडळी गॅलरीत गेली.

"तुमचं काय दुखायचं?" केतकीनं विचारलं.

"बोटं. शर्टाची बटणं आई लावायची. तुमचं?"

"गुडघे." तिनं पिंजऱ्याकडे पाहिलं. "घर दोन बेडरूमचं लागेल."

"हो. एक मांजरीची, एक उंदराची."

"आणि आपण?"

"हॉलमध्ये," निनाद म्हणाला. "दोन्ही दारांच्या कड्या आपल्याला दिसतील अशा जागी."