दोरा बांधलेलं शेवळ

दरवर्षी पावसाच्या तोंडावर आपण रानातल्या शेवळांची भाजी खातो ती खरं तर न उमललेली फुलं, हे मनालीला वनस्पतिशास्त्र शिकल्यावर कळलं. उमललेलं शेवळ तिने कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून टोकावडे गावाजवळच्या उतारावर तिने एका कळीला लाल दोरा बांधला आणि रोज पहाटे रंग, वही नि मोजपट्टी घेऊन ती तिथे बसू लागली. काल कळी एकवीस सेंटिमीटर भरली, टोकही जांभळं झालं. आज उमलणार! हे चित्र हुकलं, तर थेट पुढच्या वर्षी.

पण आज पाहते तर सगळा उतार खुडलेला. पाड्यावरची प्रेमाकाकी शेवळांच्या जुड्या बांधत होती.

"काकी, माझं फूल?"

"आगो, दोरा बांधलेल्याला हात कोन लावील? खूण केली का ती वस्तू दुसऱ्याची." काकीने मनालीच्या रोजच्या जागेकडे, करवंदीच्या जाळीमागे बोट दाखवलं.

मनाली धावली. फूल उमललं होतं! गर्द जांभळं, आतून चकाकणारं. तिने घाईघाईने वही उघडली, तेव्हा शेजारच्या तीन कळ्याही दिसल्या. प्रत्येकीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली.

"आणि या कोणाच्या?"

"माज्या." काकी टोपली बाजूला सारून तिच्याशेजारी उकिडवी बसली. "चाळीस वर्सं खुडते मी, पन याला फुलायला टाइम कदी दिलाच नाय. तू काढ तुजं चित्र. मी नुसती बघते."