माफीचा व्हिडिओ

"जिस आईडी से पोस्ट डाली ना दीदी, उसी आईडी से माफी का वीडियो डालो," मोनू सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाला. "भैया बोले हैं, आज शाम तक. नहीं तो थाने में शिकायत तैयार है."

भैया म्हणजे वॉर्डातून निवडून आलेले नेते. मोनू त्यांचा माणूस. आला होता धमकी द्यायला, आणि करिष्माच्या बापाच्या, केवलरामच्याच घरी केवलरामचाच चहा पीत होता. करिष्मा कंप्युटरपुढे खुर्चीवर बसली होती. जजच्या परीक्षेची सराव चाचणी सोडवत होती, ती तशीच अर्धवट उघडी राहिली.

पोस्ट ती केवढीशी! बुद्धविहारापुढे नालीचं पाणी साचलेलं, लेकरं चपला हातात घेऊन वंदनेला चाललेली, असा एक फोटो. खाली लिहिलं होतं, 'नालीचं भूमिपूजन झालं, नारळ फुटला. नाली कुठं हाय?' नारळ भैयांनीच फोडलेला. आणि त्याखाली नाव, 'ॲड. करिष्मा, होणाऱ्या जज.'

लिहिलं होतं तिच्या बापानं. एका बोटानं, अख्खी दुपार खर्चून. घरच्या कंप्युटरवर करिष्माचंच अकाउंट सदा उघडं असायचं, घरात दुसरं होतं कोणाचं? आणि नाव त्यानं मुद्दाम पोरीचं टाकलं. स्टील प्लांटमध्ये मजुरीत उभा जन्म गेला, तिथं एवढं तो शिकला होता की मजुराचा अर्ज रद्दीत जातो, तोच अर्ज शिकलेल्या माणसाच्या नावानं गेला की साहेब चष्मा लावून वाचतो. माणसानं भोळं तरी किती असावं! पोरगी अजून लॉच्या शेवटच्या वर्षाला होती. खरं पाहता त्या पोस्टमध्ये कायद्यानं चुकीची एकच गोष्ट होती, ते 'ॲड.' आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

"मोनू, मी लिवलं ते," केवलराम म्हणाला. "पोट्टीले काई मालूम नाई. मले घेऊन चाल ठाण्यात. व्हिडिओ पण मीच करतो."

"अंकल, आपका वीडियो कौन देखेगा? नाम तो दीदी का है."

करिष्मानं विचारलं, "मोनू, इसमें जुर्म क्या है? धारा बता."

मोनू हसला. शाळेत तो तिच्याच वर्गात होता, तिच्याच वहीतून उतरवायचा. त्यामुळे असेल, पण त्याचा आवाज जरा खाली आला.

"धारा तो थानेवाले लगा देंगे, दीदी. आप कोर्ट से छूट जाओगी, पक्का छूटोगी. लेकिन कब? तब तक जज-विज बनना भूल जाओ."

कप खाली ठेवून तो निघून गेला.

हे तिलाही माहीत होतं, तीच तर खरी गोष्ट. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य कुठल्या कलमात, त्याला अपवाद कोणते, कुठल्या निकालात कोर्ट काय म्हणालं, सगळं तिला तोंडपाठ होतं. रोजचा पेपर वाचून चालू घडामोडींचे मुद्दे काढायची. आता घडामोड स्वतःच घरात चहा पिऊन गेली, आणि उत्तर येत असून तिला काही करता येत नव्हतं. निवड झाली तरी पोलीस चौकशीत एक गुन्हा निघाला की सगळं पाण्यात. दुर्गच्या जिल्हा कोर्टात बाप तिला लहानपणी घेऊन गेला होता. बाहेरूनच जजची खुर्ची दाखवून म्हणाला होता, तिथं बसायचं हाय तुले.

तिनं तोंड धुतलं, केस बांधले. कॅमेरा सुरू केला. हात जोडले.

"मैं करिष्मा, मेरी पोस्ट से अगर किसी को..."

"थांब बेटा."

केवलराम स्क्रीनकडे पाहत होता. "मांगं बाबासाहेब येऊन राहिले."

खरंच होतं. तिच्या खांद्यामागे भिंतीवरच्या फोटोतले, निळ्या कोटातले, हातात पुस्तक घेतलेले.

"फोटो काढू नोको, बाबा."

"मी कावून काढू? टेबल फिरवतो."

साठी उलटलेल्या माणसानं एकट्यानं टेबल ओढलं. ती उठली तर तिला हातही लावू दिला नाही. वायर ताणली, खुर्ची सरकवली, आणि कॅमेऱ्याचं तोंड स्वयंपाकघराकडच्या कोऱ्या भिंतीकडे केलं. करिष्माला स्वतःची लाज वाटत होती. पहिल्यांदा ती नावाशीच अडखळली. दुसऱ्यांदा रडू आलं. तिसऱ्यांदा तिनं माफी मागितली, स्पष्ट, एकही शब्द न चुकता. लहानपणी विहारात संविधानाची उद्देशिका म्हणायची, तशी.

व्हिडिओ गेला. तिनं ती खिडकी बंद केली तशी खालची सराव चाचणी वर आली. प्रश्न तोच, सकाळपासून अडकलेला. नागरिकानं लोकप्रतिनिधीच्या कामावर जाहीर टीका केली, तर तो गुन्हा होतो काय? तिनं न वाचल्यासारखं 'नाही'वर क्लिक केलं. स्क्रीनवर हिरवी खूण उमटली.

केवलराम मागेच उभा होता. वाकून त्यानं डोळे बारीक केले.

"हिरवं आलं. म्हणजे बरोबर हाय ना, बेटा?"

"बरोबर हाय, बाबा."

"मंग झालं तं," तो म्हणाला, आणि टेबल परत जागेवर ओढायला लागला. "तू जज होते बघ."