बांध कुठं पोखरलाय

"एका वाफ्याला पाणी कमी पडलं, तर खाडीला बोल लावू नको गो. चिंबोरीनं बांध कुठं पोखरलाय ते बघ." मिठागरावर बापानं लहानपणी सांगितलेलं भाविकाला आज भर दुपारी आठवलं.

घरात कॉम्प्युटर दोन. भावाचा, साहिलचा जुना, तिचा नवा. राउटर एकच, तरी जुन्यावर फाइल झरझर उतरायची आणि नव्यावर थेंबथेंब. संध्याकाळपर्यंत काम पाठवून झालं नाही, तर घरबसल्या लागलेली नोकरी जाणार होती.

तिनं वायरींची अदलाबदल केली. मग साहिलचा कॉम्प्युटर बंदच करून टाकला. तरी तिच्याकडे आपले थेंबच.

शेवटी तिनं राउटरची यादी उघडली. साहिलचा कॉम्प्युटर बंद, म्हणजे नाव एकच हवं, तिथं दोन होती. दुसरं होतं 'साहिलचा फोन', आणि तिच्या वाट्याचं सगळं नेट तोच ओढत होता.

दोन वर्षांमागं साहिल धरमतरच्या खाडीत बुडाला, तेव्हा फोन त्याच्या खिशात होता. साहिल तिसऱ्या दिवशी सापडला. फोन नाही.

"आये, कुणीतरी आपल्या नेटमधे घुसलाय," भाविका कसनुसं हसली. "पण पासवर्ड तर मी परवाच बदललाय. तुझ्या-माझ्याबिगर कुणाला ठाव नाय."

मासळी साफ करता करता चंद्रावतीचे हात थांबले. तिनं विळी बाजूला सरकवली.

"मीच सांगितला गो," ती म्हणाली. "काल दारात उभा राहून मागत होता. आत ये म्हटलं, तर म्हणतो, नको आये, अजून ओला हाय."