जीपचा रकाना

“साहेब, माणूस कितीचा?”

विचारलंच शेवटी द्वारकानं. मागं कांती आणि शोभा एकमेकींच्या पाठीत तोंड खुपसून खिदळत होत्या. ‘इचारून दाखव, बोरकुटाची अख्खी पुडी तुझी,’ ही पैज त्यांचीच. पुण्याहून आलेल्या वाहतूक संशोधन समितीनं घनसावंगीजवळच्या फाट्यावर गाड्या मोजायला दहावीच्या पोरी बसवल्या होत्या, आणि समितीचं माप असं होतं: मोटार एकाची, ट्रक तिनाचा, बैलगाडी आठाची. जी जेवढा रस्ता अडवील, तेवढा तिचा आकडा.

खानविलकर साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “पायी चालणारा आम्ही धरत नाही. तू जीपचा रकाना सांभाळ. कुठून आली, किती वाजता, नंबर काय. बास.”

पुडी जिंकून द्वारका ऐटीत खुर्चीवर बसली. शाळेतल्या फळ्यापुढं तोंड न उघडणारी ही पोरगी, पण दोन दिवसांत तिचा आवाज असा सुटला होता की ट्रकवाले हात करून जात. ऊस घेऊन चाललेल्या तिच्या बापानं, रायभाननं, मघाशीच बैलगाडीवरून एक कांडकं तिच्याकडं फेकलं होतं. “माझी लेक साहेब झाली रे!” असं त्यानं चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवून चारचौघांना ओरडून सांगितलं होतं.

अकरा वाजून चार मिनिटांनी अंबडकडून एक काळीपिवळी जीप आली. टपावरसुद्धा माणसं. रखमाजी मेंढपाळ रस्ता ओलांडत होता. जीपनं त्याला असं उडवलं की त्याचं डोकंच मैलाच्या दगडावर आपटलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. जीप थांबली नाही. आष्टीच्या रस्त्यानं धूळ उडवत गेली. द्वारकाच्या हातानं तेवढ्यात नंबर लिहून टाकला होता.

माणसं धावली. रखमाजीत काही उरलं नव्हतं. त्याच्या मेंढ्या त्याच्याभोवती गोळा होऊन उभ्या राहिल्या, हाकलल्या तरी हलेनात.

सव्वाअकराला आष्टीकडून दुसरी काळीपिवळी आली. गर्दी बघून ती आपणहून थांबली. ड्रायव्हर पुंजाराम पाण्याचा कॅन घेऊन खाली उतरला. “काय झालं हो? पाणी पाजा जल्दी!”

“हीच ती!” कुणीतरी ओरडलं. “हीच काळीपिवळी!”

पहिली थप्पड बसली तेव्हा पुंजाराम नुसता चक्रावला. मग लाथ. मग सगळीकडून. सीटा, म्हणजे जीपमधली माणसं, धडाधड उतरून उसात पळाल्या. काच फुटली. आणि द्वारकानं बघितलं: तिच्या बापानं जुवातली शिवळ, ती हातभर लाकडी खुंटी, उपसली आणि गर्दीत घुसला.

“अण्णा, ही नव्हं! ही आत्ता आली, आष्टीवून! ती अंबडकडून आल्ती! माझ्याकडं नंबर हाय!”

“सरक बाजूला, पोरी!”

शिवळ पुंजारामच्या कोपरावर बसली. हाड मोडल्याचा आवाज द्वारकाला गर्दीबाहेर ऐकू आला.

“ती पोरगी बराबर सांगून राह्यली,” पुंजाराम रक्त थुंकत म्हणाला. “मी आष्टीवून आलो, मायची आण…”

दुसरा वार जबड्यावर बसला. जे मारत होते त्यांचे तोंडावळे द्वारकाच्या रोजच्या ओळखीचे होते, चहावाला, पिठाच्या गिरणीवाला, आणि सगळ्यांचे आज एकसारखे दिसत होते. जीपवर डिझेल ओतून कुणीतरी काडी टाकली.

ती समितीच्या मोटारीकडं धावली. “साहेब, तुम्ही सांगा! तुमचं ऐकतील! नुसता नंबर वाचून दाखवा!”

खानविलकर साहेब डिकीत तक्ते कोंबत होते. “आम्ही मोजायला आलोय, साक्ष द्यायला नाही. आण तो कागद.”

द्वारकानं कागद पाठीमागं धरला. साहेबांनी एकदा जळत्या जीपकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि दार लावून घेतलं. मोटार निघून गेली. शोभा रडत होती. कांतीनं वही टाकून केव्हाच घर गाठलं होतं.

दिवस मावळायच्या आत गावात बातमी आली. जालन्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच पुंजाराम गेला. लागलीच पारावर ठरलंही: जमाव बाहेरगावचा होता, कुणी कुणाला ओळखलं न्हाई.

सकाळी द्वारकाची माय वच्छलाबाई मोरीत नवऱ्याचा सदरा घासत होती. तिसऱ्यांदा. रायभान भाकरीचं ताट पुढं घेऊन बसला होता. उजवी मूठ सुजल्यामुळं त्याला घास मोडता येत नव्हता. चौकटीत द्वारका उभी राहिली, शाळेचा गणवेश, तेल लावून घट्ट दोन वेण्या. हातात घडी घातलेला कागद.

“साळा आज बंद हाय ना गं?” माय मान वर न करता म्हणाली.

“हाय.”

“मंग?”

“ठाण्यात चालले.” आवाज फाट्यावरच्यासारखाच खणखणीत निघाला, तिचं तिलाच नवल वाटलं. “त्या पहिल्या जीपचा नंबर देणार हाय. आन् कुणी कुणी मारलं, ते बी.”

मोरीतला हात थांबला. रायभाननं लेकीकडं पाहिलं. “बापाचं नाव घेशील, द्वारके?”

द्वारका आत आली. त्याच्यापुढं बसली. कागद उजव्या मुठीत तसाच ठेवून डाव्या हातानं त्याची भाकरी मोडली आणि कालवणात कुस्करून दिली.

“घेणार, अण्णा. जेवून घ्या. मंग संगंच जाऊ.”