होई-लामचा नवा लॅपटॉप

उद्या सकाळी टेकडीवर लेकीकडे जायचं, ते काय हात हलवत? म्हणून क्वॉक नवरा-बायको शाम-शुई-पोच्या बाजारात तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायला आले, आणि दुकानदारासमोरच दोघांची जुंपली.

"मोठा, दमदार घेऊ," क्वॉक म्हणाला. "होई-लामचं काम कार्टूनचं. जुनं मशीन तासन्‌तास रखडायचं, म्हणून तर पोरीचा मुक्काम ऑफिसातच असायचा."

"म्हाताऱ्या, हा धोंडा खांद्यावर वाहणार कोण? तू?" बायको फणकारली. "तिचा उजवा खांदा कायमचा धरलेला. हा नवा बघ, पिसासारखा हलका. आणि आवाजही नाही. त्या जुन्याचा पंखा नुसता घरघरायचा, डोकं उठायचं तिचं."

"हलका घ्यायचा आणि काम अडलं की साहेब तिला पुन्हा थांबवून घेणार. चालेल तुला?"

साहेबाचं नाव निघालं तशी बायकोने हलक्या लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

दुकानदार आपला दोघांच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी त्याने हळूच विचारलं, "काकू, कुठला बांधू?"

तिने दोन्ही लॅपटॉप मागे सारले आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

&nbsp;

"हे कागदाचे लॅपटॉप राहू देत. तो कागदाचा पलंग बांधून द्या. उद्या थडग्यापुढे जाळला की पोचतो ना तिला? मग तिथे तरी पोरीला झोपू दे."