साधी काच

बेल्जियममधल्या औदेनार्दे गावातल्या सायकलच्या दुकानात लिसबेट आईबरोबर गॉगल घ्यायला आली होती. गेल्या वर्षी सायकल शर्यतीत उतारावर पडून तिचा डावा डोळा गेला होता. बुबुळ पांढरं पडलं होतं. येत्या रविवारी अपघातानंतर ती पहिल्यांदाच शर्यतीत उतरणार होती.

"हा काळा घे," आई म्हणाली. "पार गालापर्यंत झाकतो."

"बाई, जरा बाहेर बघा," दुकानदार फिर्मिन म्हणाला. "आपल्याकडे ऊन पाहुण्यासारखं येतं. या काचेतून पोरीला दगडी रस्त्यावरचा खड्डा दिसायचा नाही." मग त्याने आरशासारखा चकाकणारा एक गॉगल काढला. "हा बघा. आतून सगळं लख्ख दिसतं, बाहेरून मात्र डोळा कुणाला दिसत नाही."

आईचा चेहरा खुलला. "हाच बांधून द्या."

लिसबेटने तो घालून पाहिला आणि काढून परत दिला. "मला साध्या काचेचा द्या. आरपार दिसेल असा."

"अगं, सगळ्या जणी तुझ्या डोळ्याकडे बघत राहतील!" आईचा आवाज चढला. "कसली हौस आहे तुला ही?"

"बघू देत की," लिसबेट म्हणाली. "आम्ही शंभरेक जणी खांद्याला खांदा घासत सायकल मारतो, आई. डावीकडून पुढे घुसणारीला कळायला नको, की ती मला दिसत नाहीये?"