पर्समधली प्रश्नपत्रिका

सोंगं ओळखण्यात रेणुकामॅडमचा हात धरणारं कॉलेजात कुणी नव्हतं. व्यंकटला कमी दिसतं म्हणून प्राचार्यांनी बजावल्यावर त्यांनी प्रश्नपत्रिकेची मोठ्या अक्षरांतली झेरॉक्स काढली, पण पर्समध्येच ठेवली. कालच भालकीच्या स्टँडवर हा पठ्ठ्या कुणाला न विचारता कमलनगरच्या बसमध्ये चढताना त्यांनी पाहिला होता. "कामून रे, बसची पाटी बरी दिसली?" पेपराआधी त्यांनी हटकलं. "पाटी न्हाई मॅडम, गाडीचा आवाज वळखतो." "व्हय का!" म्हणत मॅडमनी त्याच्यापुढे साधीच प्रश्नपत्रिका टाकली. ती क्षणभर नाकाला लावून तो जो लिहायला लागला, तो पुरवणीवर पुरवणी मागतच राहिला. मॅडम मनात हसल्या. चोर सापडला होता! घंटा होताच त्यांनी पेपर ओढून घेतला. पहिल्याच पानावर अंगठ्याएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: "मॅडम, प्रश्न दिसंनात. म्हणून तुम्ही वर्षभर शिकवलेलं सगळंच लिहायलोय."